कसला फरक!

"दवाईनं फरक वाटते का?" खुशबूने विचारले, आणि हर्षाने तोंड उघडायच्या आत तिच्या आईने, विमलाबाईंनी, सांगून टाकले, "कायचा फरक, मॅडम! पाच वर्षं झाली, पोरगी एक पाऊल नाई चालली."

खुशबू वर्षातून एकदा नागपूरच्या दवाखान्यातून पवनीला तपासणीला यायची. पुढच्या वर्षी औषध द्यायचे की थांबवायचे, ते तिच्या कागदावरून ठरत असे. तिचे पेन 'नाही'च्या चौकटीवर टेकले.

विणकरांसाठी चरख्यावर सुताची कांडी भरता भरता हर्षाने ते पाहिले. ती चौतिशीची. स्नायू झिजवणारा हा आजार घराण्यातूनच आलेला, पाय कधीचेच गेलेले. पण आईला तरी काय बोलावे? इकडे फरक म्हणजे गुण. ताप उतरला की फरक, माणूस उठून बसला की फरक. आहे तसेच राहिले तर कसला फरक!

"आई, तिसाव्या वर्षी भूषणदादाले कोन जेवू घालत होतं?"

विमलाबाईंचा चेहरा उतरला. हर्षाच्या थोरल्या भावाला, भूषणला, हाच आजार होता; त्याच्या वेळी हे औषध निघालेच नव्हते. "मीच तं. घास भी मीच भरवो, पानी भी मीच पाजो. कांडी तं त्याच्या हातून पंचविशीतच सुटली."

"अन् आज सकाळी मी कोनाच्या हातानं जेवली?"

विमलाबाई लेकीच्या हातांकडे बघतच राहिल्या. एक चरखा फिरवत होता, दुसऱ्यातून सूत सरकत होते. त्यांना एकदम रडू फुटले, आणि रडता रडता हसूही.

"अगं माय! मी येडी कायले रडून राहिली होती पाच वर्षं? लिहा बाप्पा, मॅडम, दवाई लागू हाय म्हनून लिहा!"

"मावशी, या आजारात मोठ्या मानसाच्या अंगात आहे तेवढं बळ टिकलं, तर आमी त्यालेच गुण म्हनतो," खुशबू म्हणाली आणि तिने 'आहे'वर खूण केली. हर्षाने मनोमन हात जोडले.

खुशबूची गाडी गल्लीतून वळते न वळते तोच विमलाबाई गूळ-खोबऱ्याची ताटली घेऊन शेजारी शकुनबाईंच्या दारात. हर्षाला आतून सगळे ऐकू येत होते.

"काय झालं वं? पोरगी चालाले लागली का?"

"नाई बाई. जशी होती तशीच हाय. घे, तोंड गोड कर."