न ठेवलेला दिवा

आमच्या ऊसतोड मजुरांच्या सहकारी संस्थेला शिरूर कासारजवळ नवी घरं बांधायची होती. ती कशी दिसतील याचं चित्र मी घरी कॉम्प्युटरवर करत होते. चित्रातली घरं झाली होती, संध्याकाळचा उजेड तेवढा द्यायचा होता. सूर्य मावळतीला नेला, रस्त्यावरचे दिवे लावले आणि चित्र तयार व्हायला सोडलं.

चित्रात पहिल्या घराच्या उंबऱ्यावर पिवळा दिवा होता. तो मी ठेवला नव्हता.

आई वाकून बघत म्हणाली, "छबूचा हाय त्यो."

छबुबाई आमची शेजारीण. दुष्काळात सगळं गाव कोयते घेऊन कारखान्यावर गेलं की ती एकटी मागं राहायची. रोज तिन्हीसांजेला प्रत्येक कुलूपबंद दारात दिवा दाखवायची, वाऱ्याला हात आडवा धरून. ती वारून लई वर्षं झाली.

"कायबी बोलू नको, आई."

मी सूर्य काढला, रस्त्यावरचे दिवे काढले. आता चित्र काळंकुट्ट यायला हवं होतं.

दिवा दुसऱ्या उंबऱ्यावर होता. भिंतीवर बोटांची सावली पडली होती.

दर नव्या चित्रात तो एकेक दार पुढं सरकला आणि शेवटच्या घरापाशी आला. ते आमच्या वाट्याचं होतं. त्यानंतरच्या चित्रात काहीच उमटलं नाही. पडदा काळा राहिला.

आईनं पदर सावरला, माझ्या शेजारची खुर्ची मोकळी केली.

"ये गं छबू. बाहेर कावून थांबलीस?"

काळ्या पडद्याच्या काचेत आमच्या मागचा उंबरा पिवळा झाला होता, आणि उजेडाला एक हात आडवा होता.