ताटाचा फोटो

एकटे राहणारे घड्याळजी काका वजन उतरवायला दिवसाला मोजून बाराशे कॅलरी खायचे. गणित चोख, पण पोटात नुसती बिस्किटं. आहारतज्ज्ञ बाई फोनवर वैतागल्या, "काका, आकडे राहू द्या, रोज ताटाचा फोटो पाठवा बघू!"

मग रोज फोटो जायचा आणि लगेच उत्तर यायचं. "भाजी कुठाय?" "आज का उशिरा जेवलात?"

सहा महिन्यांत नऊ किलो उतरले. बाईंनी कळवलं, "शाब्बास काका! आता फोटो नाही पाठवलात तरी चालेल."

दुसऱ्या दिवशी काका भाजीपोळी जेवून बेकरीत गेले, काचेतल्या अख्ख्या केकचा फोटो "आजचं जेवण" म्हणून बाईंना पाठवला, आणि बोलणी खायला फोन हातात धरून बसले.