विहिरीपासून किल्ल्यापर्यंत

विजयेंद्रांनी पुन्हा सिनेमा थांबवला. टीव्हीवर दोन भुरटे चोर उंटावरून पडता पडता तसेच अडकून राहिले.

"दोन दिवस वाळवंटात हिंडतायत आणि एकालाही तहान लागत नाही."

"हसायचा सिनेमा आहे, अप्पा. चालू करा ना," श्रीरंजनी म्हणाली.

मैलापूरच्या शाळेत जन्मभर भूगोल शिकवलेल्या माणसाला हे सांगून उपयोग नव्हता. त्यांनी सिनेमा चालू केला, पण तोंडही चालूच ठेवलं. चोरांची भांडणं झकास. उंट तर सगळ्यांत बरा नट. त्याने सरदाराचा फेटा खाल्ला तेव्हा ते डोळे पुसेपर्यंत हसले होते. पण तो सरदार आंधळा आहे का? नायिकेची वेणी वादळातही सुटत नाही? आणि मध्यंतरानंतर एवढी गाणी कशाला? प्रत्येक शंकेला रिमोट पुढे. सिनेमा संध्याकाळभर पुरला होता आणि श्रीरंजनीचं डोकं ठणकायला लागलं होतं.

"आता ही वाळू बघ." त्यांनी बटण दाबलं. "वाळू आहे ही? भाजलेला रवा आहे."

"ती मी केलीय."

"काय?"

"वाळू. अंबत्तूरला, ऑफिसात, कॉम्प्युटरवर. शूटिंग नुसत्या मोकळ्या मैदानात झालं. विहिरीपासून किल्ल्यापर्यंत जेवढी वाळू दिसते ती माझी. आठ महिने तेच करत होते मी."

विजयेंद्रांनी चष्मा सारखा केला.

"आणि उंट?"

"उंट खरा होता."

"तरीच."

तिला उठून जावंसं वाटलं. पण थोडंच उरलं होतं, म्हणून बसून राहिली. तेवढ्या वेळात त्यांनी सिनेमा एकदाही थांबवला नाही.

शेवटी नावं धावू लागली, मुंगीएवढी, ओळींमागून ओळी. विजयेंद्र पुढे वाकले. तेवढ्यात नावं आक्रसून कोपऱ्यात गेली आणि दुसऱ्याच कुठल्या सिनेमाची जाहिरात लागली. त्यांनी घाईघाईने चार बटणं दाबली. चोरांचा सिनेमा पहिल्यापासून सुरू झाला.

"द्या तो रिमोट इकडे," ती वैतागून म्हणाली. "नुसती नावं लावता येतात. माझंही आहे त्यात."

त्यांनी रिमोट दिला नाही. खुर्ची टीव्हीच्या अगदी जवळ ओढली.

"तुझं नाव मला ठाऊक आहे, मीच ठेवलंय," ते म्हणाले. "वाळू कुठनं सुरू होते ते सांग."