जमीलच्या गच्चीवरचं ऊन

"तुमच्या प्लेटा किती दाखवून राहिल्या, जमीलभाई?" भागवतनं आपल्या गच्चीवरून पलीकडच्या गच्चीवर विचारलं.

जमीलनं मोबाइल पाहून आकडा सांगितला. भागवतनं आपला मोबाइल पाहिला आणि त्याचं तोंड कडू झालं. दुपार कलली होती, आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. दोन घरांमध्ये एक कठडा, दोन्ही गच्च्यांवर सोलरच्या सारख्याच प्लेटा, एकाच माणसानं एकाच दिवशी बसवलेल्या. तरी रोज जमीलची वीज जास्त आणि भागवतची कमी. दिवाळीनंतर तर फरक वाढतच चालला होता.

बसवणारा माणूस म्हणजे अय्याज, जमीलचा सख्खा भाचा. भागवतच्या मते सगळं पाणी तिथंच मुरत होतं. भागवत स्वतः मोंढ्यात ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान चालवायचा. नव्या खोक्यात जुना माल कसा भरतात, हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. त्यानं आज अय्याजला गच्चीवर बोलावूनच घेतलं होतं.

"मामाच्या घरी नव्या लावल्या, आन् आमच्या घरी कुठून काढून आणल्या?"

"एकाच गाडीतून उतरवल्या, भाऊ. तुमच्या आईसमोर उतरवल्या."

"मी नांदेडला गेलो तोच दिवस बरा सापडला तुला."

भागवतकडे आणखी एक पुरावा होता. त्याच्या प्लेटांचं तोंड पूर्वेला, थेट उगवतीकडे. जमीलच्या दक्षिणेला. सूर्य उगवतो तिकडे तोंड करूनही वीज कमी, म्हणजे माल खराब नाही तर काय? हे तो सकाळपासून भेटेल त्याला पटवून देत होता आणि लोकांना ते पटतही होतं. गल्लीतली आणखी चार घरं अय्याजकडूनच प्लेटा बसवून घेणार होती. ती आता 'बघू, बघू' म्हणू लागली होती. कळमनुरीसारख्या गावात एकदा नाव खराब झालं की अय्याजला पुढचं काम मिळणं कठीण होतं.

अय्याजनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि परत मिटलं. मग म्हणाला, "मामाच्या प्लेटा तुमच्या स्टँडवर लावतो, तुमच्या त्यांच्याकडं. मंग बघा, भाऊ."

"लाव," जमील पलीकडून म्हणाला. "माझी ना न्हाई."

आता भागवतला त्या होकारातही डाव दिसू लागला. "एवढ्या लवकर तयार झाले? म्हंजे मोबाइलातला आकडाच फिरवून ठेवला असंल. जाऊ द्या. तुमचं माणूस तुमालाच चांगलं देणार, आमाला कसं देईल?"

जमीलची बायको हलीमा दोरीवरचे कपडे काढत होती. तिचा हात थांबला. दोन पिढ्यांचा शेजार. या कठड्यावर 'तुमचं' आणि 'आमचं' असं याआधी कुणी मोजलं नव्हतं.

तेवढ्यात जिन्यातून भागवतची आई वर आली. द्वारकाबाई गुडघ्यांमुळे गच्चीवर कधी येत नसत. त्यांनी दाराची चौकट धरून दम खाल्ला.

"त्या पोराला काहून बोलून राहिला? त्यानं दक्षिणेलाच लावल्या होत्या. मी फिरवायला लावल्या. आन् तुला सांगू नको म्हणून शपथ घातली."



"मी सांगितलं होतं मावशीला," अय्याज हळूच म्हणाला. "थंडीत सूर्य दक्षिणेकडूनच जातो. पूर्वेच्या प्लेटा दुपारनंतर उनाकडं पाठ करून बसतात."

"मंग काहून फिरवल्या, आई?"

"दक्षिण यमाची. दिव्याची वात तिकडं करत न्हाईत, तिकडं पाय करून झोपत न्हाईत. आन् घराच्या डोक्यावर एवढाल्या काचा तिकडं तोंड करून ठेवायच्या? एकच पोरगं हाय मला." त्या अय्याजकडे वळल्या. "आता फिरव, बाबा. पाहून घेतलं मी. पोळ्यापासून जमीलच्या घरावर दक्षिणेला तोंड हाय. त्यांच्या घरात कुणाला काही झालं न्हाई."

बोलून गेल्यावर त्यांना कठड्यापलीकडची हलीमा दिसली.

पोळ्यापासून रोज सकाळी द्वारकाबाई अंगणातल्या भिंतीपाशी येत आणि तिला विचारत, समदे बरे हाईत न्हवं? लेकरं बरी हाईत? रात्री कुणी खोकत होतं का? सख्खी आईही इतकी चौकशी करत नाही, असं हलीमानं औंढ्याला माहेरी जाऊन सांगितलं होतं. सांगताना तिचे डोळे भरून आले होते. आता तिनं उरलेले कपडे गोळा केले आणि खाली निघून गेली. जमीलही तिच्या मागे गेला.

"चुकलं माझं," भागवत अय्याजला म्हणाला. "त्या चार घरी मी सोता जाऊन सांगतो." अय्याजनं मान हलवली आणि पाना काढला. दिवस मावळायच्या आत प्लेटांचं तोंड दक्षिणेला झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी द्वारकाबाई भिंतीपाशी येऊन उभ्या राहिल्या. पलीकडे हलीमा भांडी घासत होती. रात्रभर त्यांना झोप नव्हती. नेहमीचा प्रश्न ओठांवर आला आणि तिथंच अडला. आज पहिल्यांदा तो त्यांना फक्त हलीमासाठी विचारायचा होता आणि विचारायला तोंड नव्हतं.

हलीमानं मान वर केली नाही. हातातलं पातेलं तिनं विसळून पालथं घातलं.

"समदे बरे हाईत, मावशी," ती म्हणाली. "तुमच्या घरी?"