बातमी सांगण्याची परीक्षा

"जा आता. पुढच्या वेळी पाठ करून येऊ नकोस, समोरच्या माणसाकडे बघून बोल," बाई म्हणाल्या आणि मुलगी डोळे पुसत बाहेर पडली.

नर्सिंग कॉलेजच्या मुलींना लेखी परीक्षेची धास्ती नव्हती. तोंडीतही त्या वेळ मारून नेत. पाचावर धारण बसायची ती या प्रात्यक्षिकाच्या वेळी. रुग्ण दगावलाय, हे त्याच्या नातेवाइकाला सांगायचं. नातेवाईक व्हायच्या स्वतः बाई. "आता कसे आहेत ते?" एवढंच विचारायच्या आणि भल्याभल्या मुलींची बोबडी वळायची.

जवळ बसलं की गुण. आडवळण घेतलं की शून्य. 'मृत्यू' हा शब्द स्पष्ट उच्चारायचा आणि मग तोंड बंद ठेवायचं. रडण्याला बाईंकडे माफी नव्हती. परीक्षा संपेपर्यंत त्या स्वतःचा फोनही बंद ठेवत. सकाळी फाटकाशी सोडताना नवऱ्याने चिडवलं होतं, "आज किती जणींना रडवणार?"

"इथे रडल्या तर तिथे रडणार नाहीत," असं म्हणून बाई स्कूटरवरून उतरल्या होत्या.

दार वाजलं. आत आली ती दोनदा नापास झालेली मुलगी. लेखीत वर्गात पहिली, पण इथे दोन्ही वेळा मिठाची गुळणी धरून बसली आणि शेवटी हमसून रडली. आज जमलं नाही तर वर्ष जाणार होतं, आणि वर्ष गेलं तर घरचे तिचं शिक्षणच थांबवणार होते. बाईंचा तिच्यावर जीव होता. या कामाला हळवीच माणसं लागतात असं त्यांचं मत होतं, पण ते त्या कुणाला कळू देत नसत.

"तुझा नंबर दुपारी ना गं?"

"हो बाई."

तिच्यामागे खालच्या हॉस्पिटलच्या मेट्रन क्षणभर दारात उभ्या राहिल्या, मग दार ओढून घेऊन गेल्या. मुलीच्या बाह्या ओल्या होत्या. टेबलावर रुग्णाच्या माहितीची चिठ्ठी होती, तिला तिने हातही लावला नाही. बाईंनी मनातल्या मनात एक गुण कापला.

मुलीने खुर्ची अगदी जवळ ओढली आणि ती बसली.

"आता कसे आहेत ते?" बाईंनी नेहमीच्या आवाजात विचारलं.

"बातमी वाईट आहे," मुलगी म्हणाली. "त्यांना आणलं तेव्हा श्वास चालू होता. डॉक्टरांनी खूप प्रयत्न केले. त्यांचा मृत्यू झालाय."

आवाज कापला, पण तुटला नाही. मग ती गप्प राहिली. बाईंचा हात तिने कधी हातात घेतला, ते बाईंना कळलंही नाही. त्यांना भरून आलं. इतकी वर्षं शिकवल्याचं चीज झालं असं वाटलं.

"झालीस गं पास, पोरी!" त्या म्हणाल्या. "आण इकडे तुझा गुणांचा कागद."

मुलीने हात सोडला नाही.

"मी परीक्षेला नाही आले, बाई. आज माझी ड्यूटी खाली अपघात विभागात होती. तुमच्या यजमानांना आणलं होतं."