तयार झालंस की पळ

शिवांगी चौथी आली आणि गुरुदास सरांनी डोक्यावरची टोपी काढून जमिनीवर आपटली.

फलकावर झळकलेली वेळ त्यांनी पुन्हा पुन्हा वाचली. मालवणात, शाळेमागच्या मैदानावर हीच पोरगी याहून पाऊण सेकंद लवकर यायची. तेही एकदा नाही, रोज.

तिथे सरांचं स्वतःचं मशीन होतं. पहिल्या दोन खांबांमधला किरण तोडला की घड्याळ सुरू, शेवटचा तोडला की बंद. इशारा नाही, बंदूक नाही. "तयार झालंस की पळ," एवढंच सर सांगायचे.

स्पर्धेतलं घड्याळ बंदुकीबरोबर सुरू होतं, धावणारी निघो वा न निघो, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून थोडा फरक ते आधीच धरून चालायचे. पण इतका? इतका फरक भीतीनेच पडतो, यावर त्यांचं मत ठाम झालं होतं.

"सर, तुमचं मशीन फारच लाडावलंय," मुख्य पंच विश्वेश केळुसकर हसत म्हणाले. "पोरगी निघेपर्यंत थांबतं बिचारं. आमचं नाही थांबत."

सरांना ते झोंबलं. याच मशीनच्या भरवशावर त्यांनी पुण्याच्या क्रीडा वसतिगृहासाठी शिवांगीचं नाव पुढे केलं होतं. जिल्ह्यातून एकच मुलगी जाणार होती, आणि दोन वर्षं त्या पोरीने दुसरा कसला विचारच केला नव्हता.

ती धापा टाकत समोर येऊन उभी राहिली. नेहमीसारखी, त्यांच्या तोंडाकडे टक लावून. तिची ही एकाग्रता सरांना एरवी फार आवडायची. आज तिचाही राग आला.

"बंदुकीक भियातंस तू?"

"नाय, सर!" ती ओरडलीच. आजूबाजूचे वळून बघायला लागले.

"हळू बोल गो. मगे सुटताना बाजूच्या पट्ट्यातल्या चेडवाकडे कित्याक बघतंस? तां सुटला काय मगे तू सुटतंस!"

तिचे डोळे भरले. "सर, माका आणखी एक संधी दिया. एकच."

सरांनी तोंड फिरवलं. ती अंतिम रेषेपलीकडे जाऊन पाठमोरी बसली आणि बुटांच्या नाड्या सोडू लागली.

"मग वसतिगृहाला नाव कुणाचं कळवू?" विश्वेशनी विचारलं.

सरांनी टोपी उचलून धूळ झटकली. मग म्हणाले, "पहिल्या आलेल्या विनीताचं कळवा. आमच्या पोरीला काळीजच नाही."

विश्वेशनी तिथल्या तिथे फोन लावून कळवून टाकलं.

आता लपवण्यात अर्थ नव्हता. सर चार पावलं पुढे गेले. "शिवांगी, तुझा नाव काढलंय मी."

तिने वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"माज बघा," सर कडवटपणे म्हणाले. "हिच्यासाठी रक्त आटवलं मी."

मुलांची चारशे मीटरची शर्यत तिथूनच सुटायची होती. बंदूकवाला येऊन शिवांगीच्या अगदी मागे उभा राहिला. त्याने हात वर केला.

बार झाला. सर दचकले. विश्वेशच्या हातातलं कोकम सरबत शर्टावर सांडलं, कुणाच्या तरी कडेवरचं मूल किंचाळून रडायला लागलं.

शिवांगी मान खाली घालून नाडीची गाठ सोडवत राहिली.