बुवांची हरकत

“आई, मी मुलाखत घ्यायला चाललोय, द्यायला नाही,” सौमित्र म्हणाला. कालिंदीबाईंनी तरी इस्त्रीचा सदरा त्याच्या हातात कोंबलाच.

“मोठा माणूस आहे. विचारतील त्याची सरळ उत्तरं दे. आणि हा डबा ने. लाडू मऊ वळलेत, दातांना त्रास नको.”

सौमित्रची पत्रकारिता कुणाच्या दावणीला बांधलेली नव्हती. रे रोडला जुन्या कॅसेटी जमवणारे वेडे रविवार कसा काढतात, शिवडीच्या गोदामात पोरं गिटारी घेऊन पत्रे कसे हादरवतात, गणपती गेल्यावर लालबागची बँजो पार्टी कुठे वाजवते, असलं सगळं त्याच्याकडे. वाचणारे खूश, पोटाचं मात्र आज इथे तर उद्या तिथे. गिरगावातल्या शेजारणी विचारत, “सौमित्र सध्या काय करतो?” कालिंदीबाई सांगत, “ऐकतो.” मग त्या आपल्या गुरुवारच्या भजनाला निघून जात. वर्षभरात एक गुरुवार चुकला नव्हता.

आता मात्र दैव फळफळलं होतं. संपादक सुचित्राने शब्द दिला होता: घोडपदेवच्या गंगाधरबुवांना बोलतं कर, त्यांच्या हरकतीवर लिही, दर रविवारचं सदर तुझं.

गंगाधरबुवा म्हणजे डबलबारीतला जुना वाघ. डबलबारीत दोन बुवा समोरासमोर बसतात आणि भजनातूनच एकमेकांची सालं काढतात. बुवांची हरकत अशी, की सरळ चाललेल्या चालीला मध्येच एक गिरकी देत आणि समोरच्याचा सूर बसल्या जागी कोलमडे. एकदा म्हणे, ती हरकत ऐकून नाक्यावरचा हवालदार शिट्टी तोंडात धरून उभा राहिला, आणि सिग्नलसुद्धा पाऊण तास लाल राहिला. पेपरवाल्यांना मात्र बुवांनी कधी उंबरा ओलांडू दिला नव्हता. सौमित्र फोन करून थकला होता. बुवांची मुलगी नूपुर गोड आवाजात सांगे, “गुरुवारी नको, बाबा दादरला शिकवायला जातात. इतर दिवशी तर नकोच.”

आणि गेल्या आठवड्यात तिचाच फोन आला. “रविवारी सकाळी या. अट एकच. आधी बाबा विचारणार, मग तुम्ही.”

दार नूपुरनेच उघडलं. आवाज ओळखीचा होता, चेहरा नव्हता. तो पाहिला आणि सौमित्र आपला पहिला प्रश्न विसरला.

पोहे आले. ओलं खोबरं भरपूर, शेंगदाणा एकही नाही. “अगदी आमच्या घरच्यासारखे झालेत,” तो म्हणाला. नूपुर ओठ दाबून पडद्याआड पळाली.

“बस रे झिला,” बुवा म्हणाले. “गाव खंयचो?”

“मूळचे रोह्याचे. आता गिरगावच.”

“मासे चलतत?”

“चालतात काय, धावतात.”

“आणि आवशीक?”

“आईला पूर्वी वासही खपत नसे. हल्ली बांगडा मागते. कुणी नादाला लावलं, देव जाणे.”

बुवांना जोराचा ठसका लागला. पाणी पिऊन ते सावरले. “तां फ्रीलान्स म्हंजे काय ता?”

“सुपारी मिळेल तिथे वाजवायचं, बुवा.”

“मगे आमच्यातलोच तू! घर कितव्या माळ्यार?”

“दुसऱ्या. लाकडी जिना आहे.”

“गुडघ्यांचो विचार करूक होयो,” बुवा स्वतःशीच म्हणाले.

आत भांडं पडलं. आणि सौमित्रच्या डोक्यात टाळ वाजला. पोहे. गाव. घर. आईने कोंबलेला इस्त्रीचा सदरा! अरे, हा तर चक्क दाखवण्याचा कार्यक्रम! आईने आपल्याला न सांगता स्थळ ठरवलं की काय? त्याला राग यायला हवा होता. त्याऐवजी त्याने केसांवरून हात फिरवला.

“पेटी ठेवूक जागा हा?” बुवांनी विचारलं.

“पेटीला काय, तबल्यालाही आहे.”

“आणि नवीन माणूस घरात इलो तर तुमच्या दोघांच्या संसारात अडचण नाय ना होवची?”

सौमित्रने पडद्याकडे पाहिलं आणि पलीकडे ऐकू जाईल इतपत आवाज चढवला. “आई दिवसभर एकटी असते, बुवा. घरात गाणारं माणूस आलं तर ती सुखावेल. आणि माझं म्हणाल, तर मी त्या माणसाला जन्मात परकं मानणार नाही.”

बुवांनी उपरण्याने डोळे टिपले. “म्हंजे तुझी हरकत नाय?”

“हरकत तुमची, बुवा. माझी कुठली?”

बुवा खदाखदा हसले. त्यांनी पेटी पुढे ओढली आणि तीच, ती नामांकित हरकत घेतली. खाली रस्त्यावर कुणीतरी स्कूटर बंद केली.

“आता विचार तुका काय विचारूचा हा ता. सगळा सांगतंय.”

सदर खिशात पडलं होतं. पण सौमित्रने वही उघडलीच नाही. त्याची नजर पडद्यावर होती. पडदा हलला. नूपुर पेढे घेऊन आली, चेहरा नुसता फुललेला. तो उठून उभा राहिला, कॉलर सारखी केली. तिने सगळ्यांत मोठा पेढा उचलला आणि थेट त्याच्या तोंडाशी धरला.

“आधी आईंना फोन लाव, देवापुढे बसल्या असतील बिचाऱ्या,” ती म्हणाली. “म्हणावं, बाबांच्या मुंडावळ्या आणायला मी आत्ताच दादरला निघाले. आ कर ना, दादा!”